पाटीवर नसलेला अकरावा नियम

आमच्या अकोल्याच्या घरात, स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराशेजारी, पत्र्याची एक पाटी टांगलेली होती. काळा रंग आणि त्यावर पांढरी, टपोरी, एकाखाली एक बसवलेली अक्षरं. नवा माणूस घरी आला की त्याला आधी वाटायचं, आपण चुकून एखाद्या सरकारी कचेरीत शिरलो. त्यात त्याची काही चूक नव्हती. माझे बाबा बांधकाम खात्यात कारकून होते आणि कचेरीच्या भिंतीवरची प्रत्येक सूचना त्यांच्या हातची असायची. येथे थुंकू नये, येथे सायकली लावू नयेत, साहेबांना भेटण्यापूर्वी चिठ्ठी द्यावी. मला मधुमेह झाला तेव्हा घरातली बाकीची माणसं रडली. बाबांनी मात्र रंगाचा डबा आणि कुंचला काढला आणि माझ्या आजाराची सूचना रंगवली.

मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि आम्ही अमरावतीला राहत होतो. महिनाभर मी नुसतं पाणी पीत होते आणि वाळत चालले होते. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कोसळले तेव्हा बाईंना वाटलं, पोरगी उपाशी आली. तिथल्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि आईबाबांना समोर बसवून सांगितलं की हा आजार जन्माचा आहे, पण रोज सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई घेतली तर पोरगी म्हातारी होईल. आईनं फक्त शेवटचे दोन शब्द ऐकले आणि सुई टोचायला शिकली. शिकली ती वांग्यांवर. पंधरा दिवस आमच्या घरी भोकं पडलेल्या वांग्यांची भाजी होती. मला आजही भरल्या वांग्याचं कौतुक नाही.

पुढे बाबांची बदली अकोल्याला झाली आणि पाटी सामानाबरोबर बैलगाडीत, सगळ्यात वर, आरशासारखी जपून आली. पाटीवर दहा नियम होते. पहिला, सकाळी उठल्याबरोबर लघवी तपासावी. दुसरा, पिचकारी व सुई उकळल्याशिवाय वापरू नये. तिसरा, जेवण तयार असल्याशिवाय सुई देऊ नये, जेवण नाही तर सुई नाही. असं करत करत दहाव्यापर्यंत, की दप्तरात गुळाचा खडा ठेवावा. सातवा नियम, गोड पदार्थ दिसल्यास नजर फिरवावी, हा डॉक्टरांचा नव्हता, तो बाबांनी पदरचा घातलेला होता. सगळ्यात खाली उजव्या कोपऱ्यात, कचेरीच्या रिवाजाप्रमाणे, ‘हुकमावरून’ आणि त्याखाली ‘डॉक्टरसाहेब, अमरावती’ असं होतं.

डॉक्टरांनी बाबांना अकरा गोष्टी सांगितल्या होत्या. पाटीवर दहाच आल्या. हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं, आणि तोवर माझा जीव जवळजवळ गेला होता.

लघवी तपासायचं काम म्हणजे एक छोटा स्वयंपाकच होता. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरून उकळायची. निळं निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, नारिंगी त्याहून जास्त, आणि विटेसारखा लाल गाळ बसला तर साखर भरपूर. आमच्या घरात त्याला ‘वीट आली’ म्हणायचे. सकाळी शेजारीण दारातून विचारायची, आज काय आलं व, आणि आई पोळ्या लाटता लाटता सांगायची, हिरवं. शेजारणीला वाटायचं, भाजीबद्दल बोलणं चाललं आहे.

माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, पातूरजवळच्या एका खेड्यात राहायची. लवकर विधवा झालेली, दुसऱ्यांच्या वावरात निंदण-कापूस वेचणी करून स्वतःच्या पायावर उभी. तिला मोठी माणसं अक्का म्हणायची. छप्पन्न साली बाबांनी आणि गावानं दीक्षा घेतली तेव्हा अक्कानंही घेतली. घरातले देव तिनं स्वतःच्या हातानं टोपलीत भरले आणि नाल्यात सोडून आली. पण एक हिशेब तिनं राखून ठेवला. खंडोबा गेला, म्हसोबा गेला, सगळे गेले, तिचं काही म्हणणं नव्हतं. कांजण्या-गोवराची माता मात्र देव नव्हती. ती पाहुणी होती. न बोलावता येते, चार दिवस राहते आणि मान राखला तर गुमान निघून जाते. पाहुणीला घरात घ्यायचं नाही असं कुठल्या प्रतिज्ञेत सांगितलं आहे, ते मला दाखवा, असं अक्का म्हणायची. बाबा चिडायचे. आई तर अक्काचं हे ऐकलं की भांडी जरा जोरात ठेवायची.

अक्काला लिहितावाचता येत नव्हतं, पण चुलीवरचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे राहायला आली की दोन दिवसांत काचेची नळी तिच्या ताब्यात जायची. आईच्या हातून औषध उकळताना बाहेर उडायचं. अक्का नळी तिरकी धरून, अशी हलवत हलवत तापवायची की एक थेंब सांडत नसे. ‘लेकीच्या मुताची कढी’ असं ती त्याला म्हणायची आणि रंग आला की नळी उजेडाला धरून डोळे बारीक करून बघायची. रंगांचा अर्थ तिनं आईकडून एकदाच विचारून घेतला होता. मला तिचं ते कढी म्हणणं मुळीच आवडत नसे. चौदा वर्षांच्या मुलीला लाज नावाची गोष्ट असते, हे घरात कुणाच्या गावी नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळा तोंडावर आला होता. मी नववीत होते, परीक्षा जवळ आली होती, आणि एका सकाळी माझ्या पोटावर चार फोड उठले. दुपारपर्यंत पाठ भरली आणि संध्याकाळी ताप चढला. बाबा त्याच सकाळी साहेबांबरोबर बाळापूरच्या रस्त्याच्या कामावर दौऱ्याला गेले होते, चार दिवसांसाठी. अक्का आठवड्यापासून आमच्याकडेच होती. तिनं माझा सदरा वर करून पाहिला, आणि तिचा चेहरा एकदम कार्यक्रम ठरल्यासारखा झाला.

तासाभरात घर बदललं. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. माझ्या उशाशी, पायथ्याशी, पांघरुणावर निंबाचा पाला. फोडणी बंद, कारण तेलाचा चुरका मातेला सोसत नाही. चपला अंगणाच्या बाहेर. कात्री, अडकित्ता, आईची शिवणाची डबी, सगळं फडक्यात बांधून माळ्यावर. आई हे सगळं ओठ आवळून बघत होती. पाल्याला तिची हरकत नव्हती, तो थंड असतो. फोडणीलाही नव्हती, तिचं काम कमी झालं. पण अक्का पिचकारीच्या डब्याकडे वळली तेव्हा आई मध्ये उभी राहिली.

अक्काचं म्हणणं सरळ होतं. माता अंगावर असताना अंगाला लोखंड लावायचं नाही. सुई म्हणजे लोखंड. पाहुणी जिथे बसली आहे तिथे आपण टोचायचं, हे कसं दिसतं. आईनं सांगितलं की दोन वर्षांत एक सुई चुकलेली नाही आणि या घरात मातेचं राज्य चालत नाही. अक्का म्हणाली, राज्य नाही, पाहुणचार. आई म्हणाली, पाहुणचार करायला माझी पोरगी म्हणजे धर्मशाळा नाही. मी तापात पडून हे ऐकत होते आणि खरं सांगते, मला मजा वाटत होती. सुई चुकणार असेल तर माझं मत मातेच्या बाजूनं होतं. रोज दोन वेळा मांडीला भोकं पाडून घेणाऱ्याला विचारा.

पहिल्या संध्याकाळी आईनं ठणकावून सुई दिली. अक्का पाठ करून बसली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या तोंडात फोड आले. जिभेवर, टाळूवर, घशात. आईनं ताकात कुस्करलेला भात भरवला, तो मी थुंकला. गिळताच येत नव्हतं. पिचकारी उकळून तयार होती. आई हातात इन्शुलिनची बाटली घेऊन भिंतीजवळ गेली आणि पाटी वाचू लागली. तिसऱ्या नियमापाशी थांबली. मग तिनं बाटली परत गार राहावी म्हणून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवली आणि अक्काला म्हणाली, “अक्का, पाटीवर लिवलंच हाये. जेवन नाई तं सुई नाई.”

आणि अशा रीतीनं आमच्या घरात तह झाला. दोन वर्षांत नणंद-भावजयीचं एका गोष्टीवर असं एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. मातेचं म्हणणं सुई नको, डॉक्टरसाहेबांचं म्हणणंही सुई नको. आई अक्काशी गोड बोलायला लागली. अक्कानं आईच्या पायांना तेल लावून दिलं. दोघी माझ्या दोन बाजूंना बसून निंबाच्या डहाळीनं वारा घालत होत्या आणि गावाकडच्या कुणाकुणाच्या लग्नाच्या गोष्टी करत होत्या. घरात इतकी शांतता नांदत होती, आणि मी त्या शांततेत हळूहळू मरत होते.

हे मरणं वगैरे मला तेव्हा कळत नव्हतं. तहान लागत होती एवढं कळत होतं. तांब्याभर पाणी प्यायले तरी घसा कोरडाच. मग दुसऱ्या दिवशी दुपारपासून उलट्या सुरू झाल्या. अक्का म्हणाली, ताप उतरतो आहे. रात्र कशीबशी गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा श्वास मोठा मोठा चालायला लागला, धावून आल्यासारखा, आणि मी तर जागची हलले नव्हते. आई मला हाक मारत होती आणि मला वाटत होतं, ती मागच्या गल्लीतून बोलावते आहे.

अक्कानं माझ्या तोंडाशी वाकून वास घेतला. तिनं आईला सांगितलं की पोरीच्या तोंडाला मोहाच्या फुलांचा वास येतो आहे. हा वास तिच्या ओळखीचा होता, पण तो गावाकडे दारू गाळणाऱ्यांच्या घरात यायचा, तापाच्या पोरीच्या तोंडाला कशाला यावा? ती उठली, मला दोघींनी धरून न्हाणीत नेलं, आणि अक्कानं दिवा पेटवून नळी धरली. कुणी सांगितलं नव्हतं. सुई थांबली तेव्हापासून तपासणीही बंद होती. जेवण नाही, सुई नाही, मग तपासायचं काय, असं आईनं ठरवलं होतं.

ते निळं औषध उकळायच्या आधीच बदलायला लागलं असं आई नंतर सांगायची. हिरवं, पिवळं, नारिंगी या पायऱ्या त्यानं घेतल्याच नाहीत. नळीच्या तळाशी लाल गाळ बसला. अक्का नळी घेऊन दारात उजेडाला गेली. खूप वेळ बघत राहिली. मग आईकडे वळून म्हणाली, “पोट्टीच्या पोटात दोन दिसापासून अन्नाचा कन नाई. मंग हे साखर येऊन कुठून राह्यली?”

मी आयुष्यात पुढे पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. शाळेत शिकवलं, मुलींना विज्ञान शिकवलं. एवढा नेमका प्रश्न मी फार कमी वेळा ऐकला आहे. आई पाटीकडे धावली आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाचू लागली. लघवी तपासावी, पिचकारी उकळावी, जेवण नाही तर सुई नाही. दहाव्यापर्यंत वाचून झालं. तापाचं नाव कुठे नव्हतं. तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली. मला आठवतं, ‘गोड पदार्थ दिसल्यास नजर फिरवावी’ इथे ती रडायला लागली.

तेवढ्यात दारात बाबा उभे. दौरा एक दिवस आधी संपला होता. त्यांनी निंबाचे डहाळे पाहिले, माळ्यावरचं गाठोडं पाहिलं, अक्काच्या हातातली नळी पाहिली आणि ते चपलांसकट आत आले. आईनं तीन वाक्यांत सगळं सांगितलं. बाबांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, मग पाटीकडे पाहिलं, आणि पाटीखालीच भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

“अकरावी गोष्ट होती,” ते म्हणाले.

आईला कळेना. मग बाबांनी जमिनीकडे बघत सांगितलं. डॉक्टरांनी शेवटी बजावलं होतं की आजारपणात सुई बंद करायची नाही. पोरगी जेवली नाही तरी नाही. तापात शरीर आपली आपण साखर सोडतं, तेव्हा सुई उलट जास्तच लागते. तिसऱ्या नियमाचा हा अपवाद होता आणि डॉक्टरांनी तो दोनदा सांगितला होता. बाबांनी तो कागदावर उतरवून घेतला. पाटी रंगवायला बसले तेव्हा दहा नियम झाले, खाली जागाही होती, पण हात धजेना. पोरगी नुकती दवाखान्यातून घरी आली होती. तिच्या आजारपणाचं अभद्र आपल्याच हातानं भिंतीवर लिहायचं, रोज येता-जाता वाचायचं, आणि मग ते खरं व्हायचं. म्हणून त्यांनी ते लिहिलं नाही. लक्षात ठेवीन म्हणाले आणि विसरले.

ज्या माणसानं मातेबद्दल अक्काला आठ वर्षं सुनावलं होतं, त्या माणसाची ही कबुली. मग अक्का बोलली, आणि रागानं नाही. “म्हंजे मले माताचं भेव,” ती म्हणाली, “आन् तुले पाटीचं.”

आई पिचकारी उकळायला धावली. तिनं अक्काला विचारलं नाही. पण पिचकारी भरून ती माझ्याजवळ आली तेव्हा थबकली, हे मी स्वतः पाहिलं. आई पुढे म्हणायची की आपण अक्काला विचारणारच नव्हतो, एक क्षणही थांबलो नव्हतो. आईचं ते खोटं होतं, आणि मला ते फार आवडतं. ती थांबली होती. इतकी वर्षं गावात वाढलेलं मन, तिनं मातेला नाकारलं म्हणून जागचं हललं नव्हतं. हातात सुई, समोर फोडांनी भरलेली लेक, आणि जर अक्काचंच खरं असलं तर?

अक्का उशाशी आली. पदर डोक्यावर नीट घेतला. कडुनिंबाची डहाळी माझ्या अंगावरून उचलून तिनं बाजूला धरली, आणि दारात आलेल्या बाईशी बोलावं तसं, अगदी साध्या आवाजात, बोलली.

“माय, तू पाहुनी. चार दिस राहशीन आन् जाशीन. पोट्टी घरची हाये. जराशी सरक, सुई टोचू दे.”

मग तिनं माझ्या मांडीवर बोटानं चाचपून फोडांच्या मधली एक मोकळी जागा शोधली, रुपयाएवढी, आणि आईला म्हणाली की इथे दे, इथून ती सरकली आहे. आईनं सुई दिली. मला काही कळलं नाही. दोन वर्षांत न दुखलेली ती एकच सुई.

बाबा तोवर बाहेर पडले होते. त्यांनी ओळखीचा एक टांगेवाला आणून दारात उभा केला, आणि स्वतः तारेच्या कचेरीत जाऊन अमरावतीला ट्रंक कॉल लावून बसले. त्या काळी ट्रंक कॉल म्हणजे तपश्चर्याच. दोन तासांनी डॉक्टर मिळाले. त्यांनी काय काय ऐकवलं ते बाबांनी कधी सांगितलं नाही, पण सूचना शब्दन्‌शब्द लिहून आणल्या. साधं इन्शुलिन थोडं थोडं, चार-चार तासांनी. दर तासाला पाणी, चिमूटभर मीठ घालून, घोट घोट. दर वेळी नळी. दोन सुयांनंतर वीट उतरली नाही किंवा उलटी थांबली नाही, तर एक मिनिट न दवडता मोठ्या दवाखान्यात. आणि शेवटी, वीट जाऊन रंग उतरू लागला आणि पोरगी खात नसली, तर तिला साखरेचा चहा द्या, सुई चालू ठेवून.

टांगेवाले चाचा दारात बसून होते. घोडा सोडला नव्हता. दर थोड्या वेळानं ते आत डोकावून विचारायचे, “क्या रंग आया?” त्यांना कुणीतरी एकदाच समजावलं होतं की लाल आला तर निघायचं आणि पिवळा आला तर थांबायचं. ते म्हणाले, हे तर रेल्वेच्या फाटकाच्या अगदी उलटं आहे. संपूर्ण दुपार आमच्या घरात चार माणसं एका काचेच्या नळीकडे बघत होती. अक्का दिव्यावर नळी धरायची, आई पाठीमागून बघायची, बाबा पाटीखाली बसून, आणि चाचा दारात, एका हातात लगाम.

पहिल्या नळीत वीट. दुसऱ्या नळीत वीट, पण अक्काच्या म्हणण्याप्रमाणे जरा पातळ वीट. चाचांनी घोड्याच्या तोंडातला चारा काढला. आईनं माझे कपडे पिशवीत भरले. दुसरी सुई झाली. उलटी थांबली होती, मीठपाणी पोटात राहत होतं. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा तिसरी नळी उकळली. अक्का ती घेऊन दारात गेली. कुणाला न दाखवता आधी स्वतः बघितली, मग चाचांना दाखवली, मग आम्हाला. नारिंगी होती. चाचांनी घोड्यापुढे चारा टाकला आणि स्वतःला चहा मागितला.

अंधार पडायच्या सुमाराला नळी पिवळी झाली आणि मला साखरेचा चहा मिळाला. आता हे नीट समजून घ्या. दोन वर्षं. दोन वर्षं मी बिनसाखरेच्या दुधाचा चहा पीत होते. सातवा नियम पाळत रसवंतीसमोरून मान वळवून चालत होते. गुळाचा खडा दप्तरात होता, पण तो औषध म्हणून, चक्कर आली तरच. आणि त्या संध्याकाळी माझ्या आईनं, जिनं माझ्यासमोर साखरेचा डबा कधी उघडला नव्हता, चहात दोन चमचे साखर घातली आणि तो बशीत ओतून फुंकर घालून मला पाजला. तोंडातले फोड चुरचुरत होते. मी बशी चाटली. अजून आहे का, विचारलं. आईनं तोंडाला पदर लावला आणि हसली की रडली, ते मला आजही सांगता येणार नाही. मी मनात ठरवलं की दरवर्षी एकदा कांजण्या यायला हव्यात.

पुढचे दिवस सोपे होते. फोड वाळले, खाज सुटली, मी चिडचिडी झाले, म्हणजे बरी झाले. परीक्षा मी गुणांनी नाही तर डागांनी दिली, सगळी शाळा माझ्यापासून दोन बाकं दूर. त्याआधी, मला निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं त्या दिवशी, अक्काला पाहुणीची बोळवण करायची होती. थंड दहीभात, निंबाच्या पानावर, गावाबाहेर नेऊन ठेवायचा. ती आईला सांगायला कचरत होती. सकाळपासून नुसती घरात फिरत होती. आईनं विरजणाचं गाडगं काढलं आणि अक्काच्या पुढे ठेवलं. म्हणाली, ताजं आहे. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते चेहऱ्यासमोर जरा आणखी उंच धरलं.

आणि मग पाटी. बाबांनी ती भिंतीवरून उतरवली. खाली जागा होती, तिथे अकरावा नियम लिहायला ते बसले. अक्कानं अडवलं. खाली नाही, म्हणाली, वर. सगळ्यात वर. बाबांनी समजावलं की मग सगळे आकडे बदलतील, पाटी नव्यानं रंगवावी लागेल. अक्का म्हणाली, मग रंगव, तुला कुठे वावरात जायचं आहे. बाबांनी पूर्ण एक रविवार घालवून पाटी नव्यानं रंगवली. पहिला नियम त्यांनी अक्काला तोंडानं सांगायला लावला आणि जसा सांगितला तसाच लिहिला. सरकारी भाषेत अकरा ओळी झाल्या असत्या. तिनं एका ओळीत सांगितलं. ताप आला तं सुई सोडाची नाई.

बाकीच्या दहा नियमांखाली, पूर्वीप्रमाणे, डॉक्टरसाहेब, अमरावती होतेच. पण पहिल्या नियमाखाली बाबांनी वेगळा कोपरा काढला. तिथे लिहिलं, हुकमावरून, आणि त्याखाली, अक्का.

अक्काला ते वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, कुठे आहे मी? मी तिचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. रंग अजून ओला होता. दोनच अक्षरं, आणि त्यातलं एक जोडाक्षर. तिनं बोट तसंच ठेवलं, आणि तिच्या बोटाला पांढरा रंग लागला तो तिनं दोन दिवस धुतला नाही. पुढे ती मुंबईची वर्तमानपत्रं वाचायला शिकली, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. ती तेवढीच दोन अक्षरं शिकली. एस.टी.नं पातूरहून आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी पाटीपाशी जायची, आपल्या नावावर बोट ठेवायची आणि मला विचारायची, “पोट्टे, सुई घेतली का?”

तिला जाऊन खूप वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले होते तशी मी म्हातारी झाले आहे. कितीतरी ताप आले, हगवण, मलेरिया, बाळंतपणातले आजार, आणि प्रत्येक वेळी घरातलं कुणीतरी काळजीनं म्हणालं की आज काही खाल्लं नाही, आज सुई राहू दे. ती पाटी मी माझ्या घरी आणली आहे. बाकी रंग टिकला आहे, पहिल्या नियमाखालची दोन अक्षरं मात्र बोट लागून लागून जवळजवळ पुसली आहेत. बाहेरच्या माणसाला ती वाचता येत नाहीत. मागच्या महिन्यात मला ताप होता, जेवण जात नव्हतं, नातसुनेनं विचारलं, आजी, इन्शुलिन देऊ की नको? मी उठले, पाटीपाशी गेले, त्या पुसलेल्या जागेवर बोट ठेवलं, आणि परत येऊन हात पुढे केला.